करंटला लगाम: दिव्यांच्या फळ्याच्या नोंदी

४ जून

भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि तिने मला न विचारताच माझं नाव देऊन टाकलंय. विषय विजेचे दिवे. तिच्या डोक्यात असं आहे की एका फळ्यावर चार-पाच प्रकारचे दिवे बसवायचे, खाली चिठ्ठ्या डकवायच्या आणि येईल त्याला बटणं दाबू द्यायची. म्हटलं, पेटलेला दिवा तर माणूस रोज बघतो, त्यात नवं काय? "मग मामा, तूच सांग ना." सांगता येईना. म्हणून ही वही.

खोक्यातून निघालेलं सामान: ४०, ६० आणि १०० वॅटचे साधे तारेचे दिवे (जुने, पण चालू), चार फुटी ट्यूब चोक-पट्टीसकट, एक सीएफएल, गाडीच्या हेडलाइटचा हॅलोजन, ९ वॅटचे दोन एलईडी दिवे, त्यातला एक मेलेला. मोजायला मल्टिमीटर आणि सॉकेटमध्ये खोचायचा वॅटमीटर. मेलेला दिवा फेकायचा नाही असं भाचीला बजावलंय.

५ जून

६० वॅटचा दिवा नुसता हातात धरून त्याचा रोध मोजला. ६२ ओहम. शाळेत ओहमचा नियम नुकताच झालाय, त्यामुळे भाचीने लगेच गणित मांडलं: २३० भागिले ६२ म्हणजे ३.७ अँपिअर, त्याला २३० ने गुणलं की साडेआठशे वॅट. "मामा, ह्याच्यावर ६० लिहिलंय. हे खोटं आहे."

होल्डरमध्ये लावून वॅटमीटर बघितला. ६० वॅट, ०.२६ अँपिअर. आता उलट गणित केलं तर रोध येतो ८८० ओहमच्या घरात. तार तीच. थंड असताना ६२, तापल्यावर ८८०, म्हणजे चौदा पट.

कारण पुस्तकातलंच आहे, पण आज पहिल्यांदा ते हाताला लागलं. तापलेल्या धातूचे अणू जागच्या जागी जोरात थरथरतात, त्यांच्यातून वाट काढणाऱ्या इलेक्ट्रॉनना जास्त अडथळा होतो, म्हणून रोध चढतो. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी हा दिवा खरोखरच तीन-चार अँपिअर ओढतो. सेकंदाच्या छोट्याशा अंशात तार तापते आणि आपल्याच करंटला लगाम घालते. व्होल्टेज थोडं वाढलं तर तार आणखी तापणार, रोध आणखी चढणार, आणि करंट वाढेल तो बेताने. म्हणून ह्या दिव्याला दोन तारा आणि एक होल्डर ह्यापलीकडे काही लागत नाही.

जुने दिवे नेमके बटण दाबतानाच का उडायचे, तेही ह्यातून कळतं. तारेत कुठेतरी एखादी जागा किंचित बारीक झालेली असते. ती बाकीच्या तारेपेक्षा जास्त तापते, तिथला धातू जास्त झपाट्याने उडतो, ती आणखी बारीक होते. मग एके दिवशी त्या पहिल्या क्षणाच्या लोंढ्यात तिथेच तुटते.

८ जून

रोधावरून तारेचं तापमान काढायचा प्रयत्न. पाठ्यपुस्तकातलं सरळ रेषेचं सूत्र (दर अंशाला ०.००४५) वापरलं तर उत्तर येतं २९०० अंश सेल्सिअसच्या वर. जास्त आहे. टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर सरळ रेषेत चढत नाही, थोडा वरच्या बाजूला वळतो. ते वळण धरलं (रोध केल्व्हिन तापमानाच्या सुमारे १.२ व्या घाताने वाढतो असं मानलं) तर साधारण २७०० केल्व्हिन मिळतात, म्हणजे २४५० अंशांच्या आसपास. मजा म्हणजे एलईडीच्या खोक्यावर पिवळसर उजेडासाठी छापलेला '२७०० के' हा आकडा तोच आहे. त्या एलईडीत काहीही इतकं तापत नाही. जुन्या तारेच्या रंगाची ती आठवण आहे, एवढंच.

टंगस्टन वितळतं ३४२२ अंशांना. मग तार आणखी तापवून जास्त पांढरा उजेड का नाही काढायचा? कारण वितळायच्या खूप आधीच धातूची वाफ व्हायला लागते. जुन्या दिव्याच्या काचेला आतून येतो तो काळपट थर म्हणजे तारेचा उडालेला अंशच. आत पूर्ण निर्वात ठेवण्याऐवजी नायट्रोजन किंवा आरगॉनसारखा निष्क्रिय वायू भरला तर हे उडणं मंदावतं, हे १९१३ मध्ये अर्व्हिंग लँगम्युअर यांनी दाखवलं. पण वायू तारेची उष्णताही पळवतो, म्हणून तारेची घट्ट गुंडाळी करायची, आणि पुढे तर गुंडाळीचीच गुंडाळी करायची रीत आली. ४० वॅटचा दिवा भिंगाखाली धरला तेव्हा भाचीला ती दिसली. "स्प्रिंगची स्प्रिंग आहे मामा!"

व्होल्टेजबद्दल हा दिवा फार नाजूक. ५ टक्के कमी दिलं तर आयुष्य जवळपास दुप्पट होतं, पण उजेड साधारण १५ टक्क्यांनी घटतो. दिवा बनवणारा ह्या दोन्हींत कुठे रेघ मारायची ते ठरवतो, आणि ती रेघ एक हजार तासांवर पडली. ती जगभर एकाच जागी पडावी म्हणून १९२४ मध्ये दिव्यांच्या मोठ्या उत्पादकांनी जिनेव्हात संगनमत केलं होतं. जास्त टिकणारा दिवा बनवणाऱ्या सभासदाला दंड व्हायचा. माझ्या मते त्यातला लबाडीचा भाग खरा आहे, पण "शंभर वर्षं टिकणारा दिवा आपल्यापासून लपवला" असं जे ऐकायला मिळतं ते अर्धवट आहे. कॅलिफोर्नियात लिव्हरमोर इथल्या अग्निशमन केंद्रातला दिवा १९०१ पासून पेटतोय हे खरं, पण तो सध्या चारेक वॅटवर मिणमिणतो. त्याच्या उजेडात वाचायला बसून बघा.

तो दिवा कार्बनच्या तारेचा आहे, आणि ह्यावर मी थोडा अडकलो. एडिसन यांनी १८७९ मध्ये आणि इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान यांनी त्याच सुमाराला जे दिवे चालवून दाखवले तेही कार्बनचेच. पण कार्बनचा रोध तापल्यावर चढत नाही, उतरतो! म्हणजे व्होल्टेज वाढलं की करंट वाढणार, तार तापणार, रोध घटणार आणि करंट आणखी वाढणार. लगाम नाहीच, उलट टाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टंगस्टन आलं ते जास्त तापमान सोसतं म्हणून, हे सगळे सांगतात. लगाम त्याच्याबरोबर आयता आला, हे मला कुठे वाचल्याचं आठवत नाही.

फळ्याचा विषय बहुतेक सापडला. प्रत्येक दिव्याला एकच प्रश्न विचारायचा: तुझ्या करंटला लगाम कोण घालतं?

११ जून

४० आणि १०० वॅटचे दिवे एकाच रांगेत, म्हणजे सीरिजमध्ये जोडले. आधी भाचीला विचारलं, कुठला जास्त उजळेल? "शंभरचा. विचारायचं काय त्यात?" बटण दाबलं. ४० वाला जवळजवळ नेहमीसारखा पेटला आणि १०० वाल्याची तार जेमतेम लालसर. ४० वर १९० व्होल्ट आणि १०० वर फक्त ४०. दोघांतून करंट एकच जातो, ज्याचा रोध जास्त त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. शिवाय १०० ची तार थंडच राहते, त्यामुळे तिचा रोध आणखी कमी, आणि दोघांतली दरी वाढत जाते.

हा प्रयोग फळ्यावर नक्की. चुकीचं उत्तर देऊन मग बघणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. (भाचीचा होता.)

१४ जून

आज ट्यूब. दिवसभर तीच.

आधी एक धोक्याचा प्रश्न कागदावर सोडवला: चोक न लावता ट्यूब थेट २३० व्होल्टवर लावली तर? एक तर पेटणारच नाही. आणि समजा कशीबशी पेटलीच, तर क्षणात फ्यूज जाईल किंवा ट्यूबचं टोक. ट्यूबमध्ये तार नाही, वायू आहे: थोडा आरगॉन आणि पाऱ्याची नाममात्र वाफ. वायूतून एकदा करंट सुरू झाला की धडकांमधून आणखी इलेक्ट्रॉन सुटतात, वाट अधिकाधिक मोकळी होते. करंट जितका जास्त तितकं ट्यूबवरचं व्होल्टेज कमी. कार्बनच्या तारेसारखाच स्वभाव, पण कितीतरी बेफाम. म्हणून लगाम बाहेरून लावावा लागतो, आणि तो लगाम म्हणजे चोक: लोखंडी पट्ट्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार.

चोकच्या जागी साधा रोध नसता चालला? चालला असता, पण ट्यूबला लागतात शंभरेक व्होल्ट, उरलेले सव्वाशे रोधावर पडणार, आणि ०.४३ अँपिअरने त्यातून पन्नासहून जास्त वॅटची नुसती ऊब निघणार. ३६ वॅटच्या ट्यूबसाठी ५५ वॅट वाया! चोक करंटला अडवतो तो चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठवून आणि दर अर्ध्या फेऱ्याला ती परत करून. स्वतः खातो दहाएक वॅट.

ह्यावरून वॅटमीटरशी भांडण झालं. तो दाखवतो ४६ वॅट आणि ०.४३ अँपिअर. २३० गुणिले ०.४३ म्हणजे ९९. उरलेले ५३ गेले कुठे? कुठेच नाही. चोकमुळे करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, दोघांची शिखरं एका वेळी येत नाहीत, म्हणून नुसता गुणाकार करून चालत नाही. जुन्या पट्टीत एक डबीसारखा कपॅसिटर (वीज साठवून परत देणारा भाग) असायचा तो ह्याच रेंगाळण्यावर उतारा होता. भाचीला हे पटलं नाही. फळ्यावर टाकणार नाही, सातवीच्या मुलाला उभ्या उभ्या समजावण्यासारखं नाहीच ते.

स्टार्टर उघडला. प्लास्टिकच्या टोपणाखाली वाटाण्याहून थोडी मोठी काचेची कुपी, तिच्यात वायू आणि दोन धातूंची जोडपट्टी. बटण दाबल्यावर आधी कुपीतला वायू मंद पेटतो, त्याच्या उष्णतेने पट्टी वाकते आणि दुसऱ्या टोकाला टेकते. आता करंट ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या बारीक तारांतून वाहतो, त्या तापतात, त्यांच्यावरच्या लेपातून इलेक्ट्रॉन सुटायला लागतात. इकडे पट्टी टेकल्यामुळे कुपीतला उजेड विझलेला, म्हणून ती थंड होते आणि झटक्यात सुटते. चोकमधला करंट असा एकदम तोडला की तो शेकडो व्होल्टचा तडाखा देतो आणि ट्यूब पेटते. नाही पेटली तर पुन्हा पहिल्यापासून. ट्यूब सुरू होताना डोळे मिचकावते ते हे.

आजचा सगळ्यात आवडलेला प्रकार: ट्यूब पेटल्यावर स्टार्टर फिरवून काढून घेतला. ट्यूब चालूच! त्याचं काम संपलेलं असतं. ट्यूबवरचं व्होल्टेज शंभराच्या आसपास उतरल्यावर कुपीतला वायू पुन्हा पेटू शकत नाही, तो नुसता जागेवर बसून असतो. इतकी वर्षं ट्यूबा बदलल्या आणि हे कधी करून बघितलं नव्हतं.

उजेड कसा होतो ते थोडक्यात: पाऱ्याचे अणू मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडतात, जे डोळ्याला दिसत नाहीत. काचेच्या आतला पांढरा लेप ते शोषून दिसणारा उजेड देतो. टोकं काळी पडतात ती तिथल्या तारांवरचा लेप उडून. तो संपला की ट्यूब संपली.

१५ जून

सीएफएल: तीच ट्यूब, दुमडलेली. लोखंडी चोकच्या जागी बुडख्यात छोटं सर्किट, जे सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा करंटची दिशा उलटवतं. इतक्या जलद फेऱ्यांना इवलासा चोकही पुरतो. उघडली नाही. आत पारा आहे, थोडा का होईना, आणि मुलीसमोर फोडायचं काही कारण नाही.

हॅलोजन: तारेचाच दिवा, पण कुपी क्वार्ट्झची आणि आत थोडं ब्रोमिन किंवा आयोडीन. उडालेलं टंगस्टन कुपीच्या गरम भिंतीजवळ त्याच्याशी संयोग पावतं, तारेजवळच्या प्रचंड उष्णतेत पुन्हा सुटं होतं आणि तारेवर बसतं. दुर्दैवाने उडालेल्याच जागी परत बसेल असं नाही, म्हणून हाही अमर नाही. बोट लावायचं नाही, बोटाच्या तेलकटपणाने गरम क्वार्ट्झवर डाग पडून तिथून ती तडकू शकते. लगाम: तारेचा स्वतःचा.

१९ जून

मेलेल्या एलईडीचं टोपण काढलं. ॲल्युमिनिअमच्या चकतीवर नऊ पिवळे चौकोन, आणि त्यातल्या एकाच्या मध्ये काळा ठिपका, टाचणीने टोचल्यासारखा. नऊही एका रांगेत जोडलेले, म्हणून एक तुटला की सगळे अंधारात. चकती सर्किटपासून सोडवून एकेका चौकोनाला बाहेरून व्होल्टेज दिलं: आठ पेटले, नऊ व्होल्टच्या आसपास. म्हणजे प्रत्येक चौकोनात तीन-तीन व्होल्टचे तीन कण, उजेड देणारे चिमुकले तुकडे.

सुटा पांढरा एलईडी घेऊन व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं. २.८ व्होल्टला ४ मिलिअँपिअर, ३.० ला १२, ३.२ ला २५. व्होल्टेज सातवा हिस्सा वाढलं आणि करंट सहा पट! त्यात तापला की त्याच व्होल्टेजला करंट आणखी वाढतो. हाही बेलगाम घोडाच. म्हणून बुडख्यात ड्रायव्हर, जो व्होल्टेज नव्हे तर करंट ठरावीक ठेवतो. टेस्टरमधल्या निऑनच्या ठिपक्यालाही तसंच: त्याच्या पाठीमागे मोठा रोध असतो, म्हणून तर टेस्टर हातात धरता येतो.

आत काय होतं: अर्धवाहकाच्या दोन थरांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉन मोकळ्या जागांत पडतात आणि पडताना प्रकाश सोडतात. पडण्याची उंची पदार्थावर ठरते आणि उंचीवर रंग. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दिसणारा लाल एलईडी केला. निळ्यासाठी गॅलिअम नायट्राइडचे चांगले स्फटिक हवे होते, आणि त्यात तीस वर्षं गेली. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पांढरा एलईडी मुळात निळाच. वरचा पिवळा लेप त्यातल्या काही निळ्याचं पिवळं करतो आणि दोन्ही मिसळून डोळ्याला पांढरं दिसतं.

एलईडी गार असतो हे अर्धं खरं. तारेचा दिवा आपली उष्णता किरणांनी फेकून देतो. एलईडीच्या उजेडात उष्णतेचे किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे कणात झालेली उष्णता चकतीतूनच वाहून बाहेर जायला हवी. बंद डब्यासारख्या शेडमध्ये कोंडला की कण तरी मरतो, नाहीतर ड्रायव्हरमधला कपॅसिटर सुकतो. मेलेला दिवा अशाच गोल बंद शेडमधून निघाला होता.

इशारा, स्वतःसाठी: बऱ्याच ड्रायव्हरमध्ये चकती आणि मेन्स ह्यांच्यात काहीही आड नसतं. टोपण काढलेला एलईडी प्लगमध्ये लावायचा नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटर झटका देतो. आज दिला.

२३ जून

पुठ्ठ्याच्या खोक्याला बारीक चीर पाडली आणि आत जुनी सीडी तिरकी बसवली. तारेचा दिवा: लाल ते जांभळा सलग पट्टा. ट्यूब: पट्टा तुटलेला, सुट्या रंगीत रेघा, त्यात पाऱ्याची हिरवी सगळ्यात ठळक. एलईडी: निळा ठसठशीत, मग एक फिकट दरी, मग हिरव्यापासून लालपर्यंत सलग. लेपाची गोष्ट भाचीला माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा ह्या दरीने जास्त कळली.

संध्याकाळी उजेडाची तुलना. कागदावर तेलाचा एक डाग, दोन बाजूंना दोन दिवे. दोन्हीकडून सारखा उजेड पडला की डाग दिसेनासा होतो. ६० वॅटचा तारेचा दिवा १०० सेंटिमीटरवर ठेवला. ९ वॅटचा एलईडी (२७०० केवाला, नाहीतर दोन रंगांमुळे डाग मिटतच नाही) तोंड कागदाकडे करून १३५ वर जुळला. अंतराच्या वर्गाने हिशेब केला तर एलईडी १.८ पट. मग तोच आडवा केला: १०२. म्हणजे जेमतेम बरोबरीचा. एलईडीचा उजेड पुढे जास्त, बाजूला कमी. टेबलावरच्या दिव्यात त्याचा फायदा होतो, कागदी कंदिलात नाही.

२६ जून

फळा जोडून झाला. डावीकडून: ४० आणि १०० ची जोडी, हॅलोजन (१२ व्होल्टवर), ट्यूब, एलईडी, आणि उघडलेला मेलेला दिवा काचेखाली, कशालाही न जोडता. प्रत्येकाखाली एकच ओळ: "लगाम:" आणि पुढे तार, चोक किंवा ड्रायव्हर. सीएफएल गाळली, तिच्याकडे वेगळं सांगण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्यांदा वीज देताना जुनी युक्ती वापरली. फळ्याच्या फेजमध्ये आणखी एक १०० वॅटचा तारेचा दिवा सीरिजमध्ये घातला. आत कुठे शॉर्ट असेल तर तो दिवा झगमगून पेटेल आणि करंट अर्ध्या अँपिअरच्या आत राहील, काही जळणार नाही. पेटला! एलईडीच्या होल्डरमध्ये तारेचा एक सुटा केस दुसऱ्या पिनेला टेकला होता. तो कापला, पुन्हा बटण दाबलं: एलईडी पूर्ण उजेडात आणि १०० चा दिवा काळाच. एवढ्याशा करंटने त्याची तार तापत नाही, म्हणून रोध कमी, म्हणून तो वाटेत आडवाही येत नाही.

भाची म्हणाली, हा दिवा काढायचा नाही, फळ्यावरच राहू दे. ट्यूबला तो आड आला तर? लावून बघितलं. ट्यूब पेटते, जरा जास्त मिचकावते. राहू दे.

नेताना: ट्यूब वेगळी, पुठ्ठ्यात गुंडाळून. स्टार्टर माझ्या खिशात, जादा दोन.